डाव्या कुशीवर

खांबेटे मॅडम म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपत जा.
डावीकडे हेरंब. त्याचं घोरणं थेट माझ्या तोंडावर.

सातवा महिना. वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर,
हायवेचे ट्रक रात्रभर गिअर बदलत चढतात
आणि माझ्या घशाशी संध्याकाळची आमटी.
पाठीशी लोड, पोटाखाली उशी, गुडघ्यांत
सासूबाईंनी सांगलीहून पाठवलेली गोधडी गुंडाळून –
एवढी तटबंदी करून आडवी होते
तोच आतून ढुशी: चल, ऊठ, बाथरूम.

मंगळवारी त्यानंच उशी उचलली,
पायथ्याशी डोकं करून झोपला.
"आता तुझ्या पायांनी ऐकावं."

साडेतीनला पोटरीत गोळा आला.
मी हाक मारायच्या आत
झोपेतच त्याचा हात आला,
अंगठा धरून पाऊल मागे वळवलं,
घोरणं एकदाही न तुटता.

गोळा उतरला.
हात तसाच राहिला अंगठ्यावर,
पीएमटीत दांडा धरावा तसा.
हलले तर सुटेल म्हणून
मी हललेच नाही.

खाली दूधवाल्याचे क्रेट रोज पाचला आपटतात.
आजही आपटले असतील.
मला माहीत नाही.