तपासनीस

एकतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांमधले दोष पाहिले.
शाई फुटलेली, आकडा कललेला,
कोपऱ्यात केसाएवढी जास्तीची रेघ,
लाल पेन्सिल आपोआप थांबायची.
ह्याच्या हातून वाईट शीट बाहेर गेलं नाही,
निवृत्तीला शेवाळेसाहेब म्हणाले
आणि नारळ दिला.

काळी शौच झाली तेव्हा म्हणालो, जांभळं खाल्ली असतील.
जांभळांचा महिना नव्हता.

चांदवडकर डॉक्टरीणबाईंनी बिलाच्या पाठीवर
आतडं काढलं.
"लहान आतडं संपायच्या दोन फूट अलीकडे
ही एक पिशवी. दोन इंचांची. जन्माच्या आधीची."
गर्भाला म्हणे नाळेच्याही आधी एक नळी असते,
सातव्या आठवड्यापर्यंत विरून जाते.
शंभरात दोघांची थोडी उरते.
त्यांतल्याही बहुतेकांना मरेपर्यंत कळत नाही.
"आणि तिच्यात गाठ?" कौतिकानं विचारलं.
बाईंनी पेनाला टोपण लावलं. "फार क्वचित."

क्वचित. हा शब्द माझ्या ओळखीचा.
कधीतरी एखादी नोट अशी यायची
की आम्ही टेबलं सोडून बघायला जमायचो.

आईनं माझी नाळ वडांगळीला पुरली,
गोठ्यामागं, वर दगड ठेवून.
तिला वाटलं, सगळं पुरलं.
नाळेआधीचा धागा मी आतच ठेवून घेतला होता.
जेल रोडनं सायकलवर,
रात्रपाळीत, संपात, स्वतःच्या लग्नात,
मिसळीच्या तर्रीखाली,
त्रेसष्ट वर्षं
गेटवरच्या रोजच्या झडतीतून सहीसलामत.

बरणी लॅबमध्ये पोचवायची होती.
प्रफुल्लनं आधी माझ्या खाटेशी आणली.
करंगळीचं पेर. टोकाला
वाटाण्याएवढं पिवळट काही.
सवयीनं मी ती उजेडाकडे धरली.

रिपोर्ट आला: कडा स्वच्छ.
शीटवर आम्ही असंच लिहायचो.
खाली बारीक अक्षरात,
सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.
हे आमच्याकडे नव्हतं.

वाईट नोट काढली की तिच्या जागी
नंबरात चांदणी असलेली नोट जायची,
गड्डी शंभराचीच राहायची.

कौतिका बेंबीखालची पट्टी सोडवते.
मी विचारतो, चांदणी दिसते का गं?
ती म्हणते, हलू नका.