दुसरा ब्रेक

परभणीतल्या अर्ध्या गाड्यांना मी शिकवलंय,
उरलेल्या अर्ध्यांना कुणीच नाही.
सव्वीस वर्षं डाव्या सीटवर बसलो,
पायाखाली दुसरा ब्रेक घेऊन.
शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली.
मी वाटू द्यायचो.

आता सकाळी साडेसहाला
वसमत रोडनं सायकलवर क्लासला जातो.
कॅरियरला डबा, हँडलला पिशवीत एल बोर्ड
(गाडीवर ठेवला की पोरं काढून नेतात).
पहिल्याच दिवशी पानवाला अजमत म्हणाला,
"उस्ताद, गाडी विकली का लायसन गेलं?"
चाळिशीनंतर माणूस सायकलवर दिसला
की आपल्याकडं दोनच कारणं:
कर्ज, नाहीतर डॉक्टर.

पाठीमागून येतात तेव्हा मी त्यांना आवाजावरून ओळखतो.
हाफ क्लचवर गाडी रडवत येणारे
ते कानडखेडकर वकील.
गतिरोधकावरही तिसरा गिअर न सोडणाऱ्या
त्या तलाठीणबाई.
आणि तो ठेकेदाराचा सौरभ,
खानापूर फाट्याला कोपराला आरसा घासत कट मारतो,
पुढं जाऊन काचेतून हात काढतो, "सलाम उस्ताद!"
शिकायला आला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं.
मी फी मोजून घेतली,
वय विचारलं नाही.
सलामाला उत्तर द्यायचं तर हँडलवरचा एक हात सोडावा लागतो.
सोडत नाही.

उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या,
ना दिवा, ना लाल चिंधी,
नुसता डेक.
गाणं जवळ आलं की मातीत उतरायचं,
दुसरं कडवं संपलं तरी ऊस संपत नाही.

गाडी का सोडली, ते कुणाला नीट सांगितलं नाही.
गुडघा आखडतो म्हणालो.

मार्च होता, दुपारचे चार, डांबर मऊ.
आरटीओत पोरांची ट्रायल, मला उशीर.
गाडीत एकटाच, उजव्या सीटवर,
फोन खांद्यात दाबलेला.
डावीकडं कुणी नव्हतं.
जिंतूर रोडला पिठाच्या गिरणीपाशी वळलो
आणि एक सायकल आडवी झाली.
रस्त्यावर ज्वारीचं पीठ सांडलं, लांबलचक,
पालिकेनं कधी न मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यासारखं.
लागलं नव्हतं. हँडल तेवढं वाकडं.
ओढणी झटकत उठली ती कांचन ढवारे,
तीन वेळा ट्रायलला नापास झालेली,
जिला मी तिन्ही वेळा म्हणालो होतो,
बाई, आरसा बघायला शीक.

तिनं माझ्याकडं पाहिलं.
"उस्ताद, आरसा."
एवढंच.
शिवी दिली असती तर घरी जाऊन जेवलो असतो.

दुसऱ्या दिवशी पाच किलो पीठ नेऊन दिलं.
तिच्या आईनं घेतलं.
चहाचं विचारलं नाही.

सायकलनं फार पुण्य पदरी पडतं असं नाही.
मे महिन्यात सीट तव्यासारखी तापते
तेव्हा मीही एसीच्या काचांकडं बघतो.
शहनाजला दवाखान्यात न्यायचं तर गाडीच काढतो,
काटा चाळीसच्या वर जात नाही,
ती म्हणते, चालत गेलो असतो तर नंबर लवकर लागला असता.
पोट तर गाडीवरच.
महिन्याला दहा-बारा नवे चालक
त्याच रस्त्यावर सोडतो
ज्या रस्त्यानं मला घरी जायचंय.

म्हणून हल्ली पहिल्या दिवशी चावी देत नाही.
माझी सायकल देतो,
म्हणतो, स्टेशनपर्यंत जाऊन ये,
मग क्लच शिकवतो.
दोघांनी फी परत नेली.
एक जण गेला आणि पाऊण तासानं आला,
घामाघूम, काही बोलला नाही,
बेल्ट लावून बसला.

पाय मात्र अजून दाबतो,
बसमध्ये ड्रायव्हरमागं बसलो तरी,
सायकलवर पायडल मारता मारता मध्येच,
आणि शहनाज सांगते, झोपेतसुद्धा,
पलंगाच्या कडेला, जोरानं.

आज तीन कट बसले.
त्यातले दोन माझेच.