खडूचं गोदाम

रविवारी अंबडचा गाळा मुका असतो,
तेव्हा आम्ही फरशीवर रॅक आखले.
सुतळी रऊफच्या हातात, खडू माझ्या,
आणि चाकणहून आलेला मिहिर, कंपनीचा पोरगा,
कॅटलॉग छातीशी धरून शटरपाशी उभा.

ड्राइव्ह-इन घ्या काका, म्हणाला,
गल्ल्याच नकोत, सगळं पोटात मावतं,
याच पत्र्याखाली दीडपट माल.
खोटं नव्हता बोलत.
बेदाण्याच्या पेट्या असत्या, एकीसारखी दुसरी,
तर मी तिथंच सही केली असती.

पण आमच्याकडे साडेचारशे जातींचे
बुश, गॅस्केट, ऑइल सील,
कुणी बारा, कुणी तीन,
कुणी एकटाच,
बंद पडलेल्या मॉडेलचा शेवटचा वारस.
आधी आत गेलेला भिंतीला पाठ लावून बसणार
आणि मागून आलेले त्याच्यादेखत सुटणार.
सीलचं रबर कुणासाठी थांबत नाही.
पेटीतल्या पेटीत कडक होतं.

रऊफने फोर्कलिफ्ट चालू केली.
खडूच्या गल्लीत वळला;
मागचं चाक रेघेबाहेर, चार बोटं.
पायाने पुसलं, गल्ली वीतभर वाढवली.
पुन्हा वळला.
आता दोन बोटं.
"लोखंड असतं तर वाजलं असतं," तो हसत म्हणाला,
आणि मिहिरने न विचारता
खांबांचे गार्ड वहीत टिपले.

मग मी विचारलं, फरशी किती पेलेल?
कॅटलॉगमध्ये तुळईचा भार होता,
खांबाचा होता,
फरशीचा कुठून असणार.
खाली काळी माती आहे बाबा.
हा तडा बघ, शटरपासून वजनकाट्यापर्यंत,
अठरा वर्षं ओळखतो मी याला,
चैत्रात रुंदावतो, श्रावणात मिटतो.
मिहिर उकिडवा बसला.
एक रुपयाचं नाणं तड्यात उभं राहिलं.
बराच वेळ तो काही बोलला नाही,
तेव्हा मला तो आवडायला लागला.

पाच मजल्यांचे तीन झाले.
साधे, उघडे, प्रत्येक पेटीला स्वतःचं तोंड.
ऋचाताई विचारतील, एवढी हवा कशाला विकत घेतली?
हवा नाही ताई, वळण आहे ते,
असं काहीतरी सांगेन.
नाहीतर रऊफलाच पुढे करीन.

सोमवारी सकाळी झिपराबाई खैरनार आली,
चपला दाराशी काढून,
डबा नेहमीच्या खिळ्याला अडकवून.
खडूची रेघ तिने ओलांडली नाही.
नसलेल्या रॅकला वळसा घालून
नसलेल्या गल्लीतून गेली,
सीलच्या जागी थांबली,
टाचा उचलल्या, हात वर केला.

"इथवर पुरतो," म्हणाली.

तसाच धर, म्हटलं, आणि टेप लावला.
एकशे बहात्तर.
ऑर्डरवर पहिला आकडा तोच पडला.