अकरा मिनिटं

माझं काम ऐकायचं.
तिसरा मजला, रेडिएटरशेजारचं टेबल,
पायाखाली पेडल. दाबलं की माणसं बोलतात,
सोडलं की तोंड उघडं ठेवून थांबतात.
पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांनी जे टिपलं
ते मी टाइप करते,
ताशी एकवीस डॉलर, दातांचा विमा वेगळा.
कानांवर हेडफोन असतो,
हात ठेवायची सोय नाही.

खिडकीतून बंदर दिसतं. खनिजाचं एक जहाज
डिसेंबरपासून बर्फात रुतलेलं.

तक्रार क्रमांक एकशे चौदा.
लॉरेन प्रिबिल, वय एकाहत्तर. अक्षर वळणदार.
समोरच्या घरातलं बाळ गेलं त्या रात्री
तुमचा केटुनेन नावाचा पोलीस
अंगणात उभा राहून हसत होता.
मी पडद्याआडून पाहिलं.
तेव्हापासून मला झोप नाही.

मी पेडल दाबलं.
बावीस मिनिटं नुसती मोजणी.
दोन बोटं, त्यांच्याखाली तळहाताएवढी छाती,
एक, दोन, तीन, पुन्हा एक,
आवाज कुठे म्हणून हलत नाही.
मग रुग्णवाहिकेतली बाई म्हणते, वेन, पुरे.
मग पायऱ्या, बर्फात बुटांची करकर,
आणि तो आवाज.

हसण्यासारखाच आहे. मी सहा वेळा ऐकला.
हसतो असं टाइप केलं, खोडलं.
रडतो असं टाइप केलं, तेही खोडलं.
शेवटी लिहिलं:
अधिकारी आवाज करतो.

तक्रार निकाली निघाली. लॉरेनबाईंना
चार ओळींचं छापील पत्र गेलं,
त्यात बावीस मिनिटं नव्हती,
गोपनीयतेचं कलम होतं.
चर्चमध्ये कॉफीच्या वेळी ती अजून सांगते म्हणे,
हसत होता मेला.
आणि तिने पाहिलं ते काही खोटं नव्हतं.

इथेच थांबता आलं असतं तर.
मला केटुनेन आवडू लागला होता.

एकशे एकोणचाळीस.
ट्रॅव्हिस डिफो, वय एकोणीस,
पेट्रोल पंपाची मागची बाजू, डावा हात दोन ठिकाणी मोडलेला.
बिल्ला क्रमांक तोच.
हात वर कर.
केलेत की, हे बघा, केलेत.
मग काही नाही.
अकरा मिनिटांनी चित्र परत येतं तेव्हा
ट्रॅव्हिस गाडीत मागे बसलेला, विचारतोय,
माझी टोपी तिथेच राहिली का?
बॅटरी गेली होती, केटुनेन कुणाला तरी सांगतो,
त्याच मोजणीच्या आवाजात.
पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरी चौसष्ट टक्के.

शांतता टाइप करायची नसते, असा नियम आहे.
मी अकरा ओळी कोऱ्या सोडल्या.
गोरमसाहेबांनी विचारलं, हे काय, कागद वाया,
आणि वरचं वाक्य खालच्या वाक्याला जोडून टाकलं.
पुरावा अपुरा.
ट्रॅव्हिसने हात वर केले होते,
नंतर आम्ही केले.

माझा मेव्हणा म्हणतो, सगळे पोलीस सारखेच.
शेजारचा म्हणतो, तक्रारी करतात ते सगळे चोर.
दोघांनाही बटाटे वाढते. बोलायची मला परवानगी नाही,
आणि असती तरी
सुरुवात कुठल्या फाइलपासून करू?

एकदा तो दुकानात माझ्या पुढे रांगेत होता.
मांजराचं खाणं, दोन बल्ब.
सुटी नाणी मोजून देत होता, एक, दोन, तीन,
आणि माझा पाय आपोआप
फरशीवर पेडल शोधत होता.

दर मंगळवारी ट्रॅव्हिसच्या आईचा फोन येतो.
हाताबद्दल ती आता विचारत नाही.
टोपी मिळाली का, एवढंच.
तो विभाग माझा नाही, हे मी तिला सांगितलेलं आहे.
तरी ती वर्णन सांगते, आणि मी दर वेळी
नव्या कागदावर लिहून घेते:
हिरवी, लोकरीची,
कडेला विणलेला मासा,
एक डोळा उसवलेला.