पावतीपुस्तक

फॉर्मवर नवऱ्याच्या व्यवसायापुढे
तीन वर्षं मी लिहीत आले:
विमा कंपनी, निवृत्त.
सत्तेचाळिसाव्या वर्षी कोण निवृत्त होतं?
पण माँटेव्हिडिओच्या बँकेतला तो मुलगा
मान वर न करता शिक्का मारायचा
आणि मी सुटायचे.

एलादिओ बंदरातल्या कंटेनरांचे विमे उतरवायचा.
बावीस वर्षं.
बुडणाऱ्या मालाची किंमत
त्याला बुडायच्या आधी ठाऊक असायची.
मग एका मंगळवारी टाय काढला,
घडी घालून रुमालांच्या खणात ठेवला,
म्हणाला, नेलिदा, मी पियानो लावणार.

विकणार?
नाही.
वाजवणार?
छे, मला कुठे येतं वाजवायला.
सूर लावणार.

येर्बाचा घोट माझ्या घशात तसाच राहिला, कडू.

नणंद म्हणाली, बरंय, छंद असला की रक्तदाब ताब्यात राहतो.
मीही तेच म्हणू लागले. शेजारी, चर्चमध्ये, फोनवर.
छंद हा शब्द मी उशीसारखा वापरला,
त्याच्या डोक्याखाली
आणि कधी कधी तोंडावर.

महिन्याला अकरा पियानो. बरा महिना असेल तर.
गाडी विकली.
समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तारा गंजतात, हे आमचं भाग्य,
असं तो जेवताना म्हणायचा, आणि मी
एका बाजूनंच चावायचे,
कारण माझी दाढ दोन हिवाळे थांबली होती.

सप्टेंबरात दुराझ्नोकडच्या एका खेड्याला गेलो, बसनं.
पाच तास.
खिडकीची जागा त्यानं हत्यारांच्या पिशवीला दिली.

क्लबातल्या पियानोत उंदराचं घरटं निघालं,
जुन्या मतपत्रिका कुरतडून केलेलं.
ते त्यानं दोन्ही हातांनी उचललं,
खिडकीत ठेवलं, आणि कामाला लागला.
नमद्याची पट्टी सारून दोन तारा गप्प करायच्या,
तिसरीला बोलू द्यायचं. मग दुसरीला.
जवळजवळ सारख्या असलेल्या तारांचंच भांडण जास्त,
वां-वां-वां,
किल्ली केसभर फिरते,
वां... वां...
आणि मग एकदम
भांडणच नाही.

मला हे ऐकू येतंय, याचाच मला राग आला.

सगळ्यात शेवटी डावीकडची ती खर्जाची पट्टी.
तिच्यावर वीस मिनिटं. पंचवीस.
म्हटलं, अरे, ही कोण वाजवणार आहे इथं? शेवटची बस...

शूः, तो म्हणाला.

चोवीस वर्षांत त्यानं मला कधी गप्प केलं नव्हतं.
छंदवाला माणूस बायकोला गप्प करत नाही.
छंदवाला म्हणतो, हो गं, झालंच, निघूया.
मी बाकावर बसले. हात मांडीवर.
दाराबाहेर एक घोडा उभा होता, तोही गप्प.

वाजवलं काहीच नाही त्यानं.
झाकण लावलं, बाहीनं पुसलं.
क्लबाची किल्ली सांभाळणाऱ्या उबाल्दिनाबाईंनी विचारलं, किती द्यायचे?
तो म्हणाला, राहू द्या हो, बसभाड्यापुरते...
तेव्हा आकडा मी सांगितला. पुरा.
एलादिओ जमिनीकडे बघत राहिला.
बाईंनी नोटा मोजल्या, वर एक डझन अंडी दिली,
आणि म्हणाल्या, पावती?

पावती नव्हती.
छंदाला कुठली पावती.
तिकिटाच्या पाठीवर मी लिहून दिलं,
आणि सहीच्या जागी त्याचं नाव, त्याखाली
काय लिहायचं याचा विचार करताना
बस हॉर्न द्यायला लागली.

सोमवारी छापखान्यात गेले.
पन्नास पावत्या हव्यात, म्हटलं.
एलादिओ बेन्तान्कुर, पियानो-स्वरकार, असं वर छापा.
छापखान्यातला म्हातारा म्हणाला, बाई,
पाचशेपेक्षा कमी आम्ही छापत नाही.

महिन्याला अकरा. मी मनात भाग दिला.
पावणेचार वर्षं.

छापा, म्हटलं.

दाढेचं यंदाही जमणार नाही.