दोन पोती

मे महिन्यात उजनी मागं सरते,
तेव्हाच होडी बघायची, असं इमामसाबनं सांगितलेलं.
पाण्यावर असली की कुठलीही होडी चांगलीच दिसते.

म्हणून विडी घरकुलातून पहाटे निघालो,
एसटी, मग जेऊरवरून वडाप, कुगाव.
मी, श्रीनिवास, आणि इमामसाब वेल्डर.
त्याच्या पिशवीत टोकदार हातोडी, तारेचा ब्रश, बॅटरी,
आणि फडक्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.

भेगाळल्या गाळावर होडी एका कुशीवर पडलेली.
बावीस फूट. बाहेरून निळी, काठाला पिवळी पट्टी.
हौशीराम मल्लाव म्हणाला,
"आतून पण रंग मारलाय. मागच्याच आठवड्यात."
इमामसाब माझ्याकडं बघून नुसता हसला.

मी चाळीस वर्षं विड्या वळल्या.
वरून पाणी मारून ताजं केलेलं शिळं पान
कात्रीखाली आलं की मला कळतं.
मागचा आठवडा म्हणजे काय, तेही कळलं.

"फळ्या उचला."
"फळ्या कशाला?"
"होडी फळ्यांखाली असते, मामा."

फळ्यांखाली सिमेंट,
मोरीत घालतात तसं घोटलेलं.
"वजनासाठी," हौशीराम म्हणाला, "डुलत नाही त्यानं."
इमामसाब काठापासून ठोकत खाली आला.
टण्. टण्. टण्.
बरगडीच्या कोपऱ्यात
भद्.
परत ठोकलं. भद्.

श्रीनिवासच्या बापाच्या पाठीवर
सिव्हिलच्या डॉक्टरनं असंच बोटांनी ठोकलेलं.
तीस वर्षं मागावर, टॉवेलच्या सुताची धूळ.
वर टण् वाजलं, खाली भद्.
डॉक्टर पण तेव्हा काही बोलला नव्हता.

सिमेंट फोडलं तर खाली पदर सुटलेले,
खारी बिस्किटासारखे, तांबडे, काळे, ओलसर.
पाणी वाहून जायला बरगड्यांत भोकं असतात म्हणे.
भोकांत गाळ, माशांचे खवले,
एका लहान चपलेचा पट्टा.
"इथं बसलं पाणी," इमामसाब म्हणाला,
"जायला वाटच ठेवली नाही त्याला."

दुपारपर्यंत खरवडलं.
युरियाची दोन पोती भरली.
श्रीनिवास म्हणाला, एवढ्याशा पत्र्यातून एवढं निघालं कसं?
"गंज फुगतो की. लोखंड होतं त्याच्यापेक्षा
जास्त जागा धरून बसतो."
मग इमामसाबनं खडूनं गोल काढले,
टेलर कापडावर काढतो तसे.
पाच तुकडे कापायचे, दोन बरगड्या नव्या,
रेड ऑक्साइडचे दोन हात, सुकल्यावर तिसरा.
"बाकी जुना पत्रा जाड हाय, अक्का.
टण् वाजतंय ते वाजत राहील."

हौशीराम नव्वद म्हणत होता.
मी पोत्यांकडं बोट दाखवलं.
"हे वजा कर.
लोखंड राहिलं नाही त्याचे पैसे मी देत नाही."

तो खाली बसला. टोपी काढली.
"कंबर गेली माझी," म्हणाला.
"रोज वाकून पाणी कोण उपसणार?
पोरगा पुण्याला. म्हटलं, सिमेंट घातलं की झालं."

त्याला मी काही बोलले नाही.
तो रंग त्यानं एकट्यानंच मारला असणार,
गुडघ्यांवर रांगत, कोपऱ्यांत हात न पोचता.
म्हणूनच कोपरे तांबडे राहिले होते.

पासष्टावर जमलं.
नोटा फंडाच्या, बँकेच्या पिनांसकट.
पैसे मी तेलुगूत मोजते, चूक होत नाही.
हौशीरामनं न मोजताच खिशात घातले
आणि एक पोतं ओढत घराकडं नेलं.
कशाला, कुणीच विचारलं नाही.

वडापची वाट बघताना भाकरी खाल्ली.
श्रीनिवास पक्षी बघायला येणाऱ्या लोकांचं बोलत होता,
माणशी किती, रविवारी किती, नाव काय घालायचं.
मी म्हटलं, नाव नंतर.
रोज संध्याकाळी फळ्या उचलायच्या.
भोकांत तार घालून बघायची.
मग कोरड्या फडक्यानं कोपरे पुसायचे,
हात पोचेपर्यंत.
मी येऊन बघणार.
कधी येईन ते सांगणार नाही.