चिंच क्रमांक एकेचाळीस

रहिमतपूरच्या रस्त्याला,
टेपचं एक टोक पंक्चरवाल्या मैनुद्दीनच्या हातात,
दुसरं माझ्या.
मान वर करून मागं मागं सरकायचं,
एका डोळ्यात पाला, दुसऱ्यात आभाळ आलं
की थांबायचं.
ती कड.

पूर्व-पश्चिम अठरा मीटर चाळीस.
दक्षिणेला वायरमननं फांद्या छाटल्यात,
म्हणून दक्षिणोत्तर चौदाच.
मधल्या भगदाडातून थेट ऊन पडतं,
ते वजा करायचं का?
तक्त्यात रकाना नाही.
आणि ती एकटीच फांदी,
डांबर ओलांडून वाघ्या घेवड्याच्या रानात डोकावणारी,
तिच्यापायी अख्खं झाड मोठं धरायचं?

मैनुद्दीन म्हणाला, काढा की सरासरी.
मग पान्हा पुसत :
माझं माप निराळं, साहेब.
सकाळी पंप बुंध्याच्या मावळतीला,
बारा वाजता बुडाशी,
चारला पार त्या मैलाच्या दगडाजवळ.
गिऱ्हाईक आधी सावली हुडकतं, मग मला.

मी लिहिलं : सोळा पूर्णांक दोन.

टेप गुंडाळताना
चिंचेची बारकी पानं आत ओढली गेली.
बेचाळीसाव्या झाडाशी उलगडला
तेव्हा पहिले तीन मीटर
हिरवट झाले होते,
आकडे नीट वाचता येईनात.